शालनची ताटली

शिरोळ
सोमवार, ४ ऑगस्ट २०२५

अनू बाळा,

मावशीचा हात डोक्यावर आहे असं समज आणि मग पुढं वाच.

फोनवर तू काय बोलतेस ते मला कळत नाही. डावा कान कधीच गेला, आणि उजव्यात तुझा आवाज आला की कढईत मोहरी तडतडल्यासारखं होतं. म्हणून लिहिते. आपला उदयसिंह दर सोमवारी दुधाची गाडी घेऊन कोल्हापुरात येतो, तुमच्या राजारामपुरीवरूनच जातो म्हणाला. डबा आणि चिठ्ठी तो पोचवेल. पुढच्या सोमवारी मोकळा डबा आणि तुझं उत्तर त्याच्याकडं दे.

तुला पाचवा लागला. शालन असती तर हे सगळं तिनं सांगितलं असतं. पंधरा दिवसांची तुला माझ्या मांडीवर टाकून ती गेली, म्हणून आईचं बोलणंही मीच बोलते. डब्यात खाली कारळ्याची चटणी आहे, वर शेंगदाणे-गुळाचे लाडू. एक सकाळी दहाच्या सुमाराला, एक दुपारच्या चहाला. दोघांचं खायचं म्हणजे दुप्पट खायचं असं नसतं, पण पोट फार वेळ मोकळं ठेवायचं नाही. रक्ताची गोळी चहाबरोबर घेऊ नकोस, चहा तिची ताकद मारतो. लिंबूपाण्याबरोबर घे. डाळ, उसळ, अंडं, दूध, ज्याची शिसारी येणार नाही ते पोटात जाऊ दे.

मी शाळा पाहिली नाही हे तुला ठाऊक आहे. तुझ्याच पाटीवर तुझ्याबरोबर अक्षरं गिरवली. पण गरोदर बाईनं काय खावं याबद्दलचा मिळेल तो कागद मी वाचलाय, भेळ बांधून आलेलासुद्धा.

बाळंतपणाचं विचारलंस. ते तिकडंच कर बाई. इकडं कृष्णेच्या पाण्याचा काही नेम नाही.

तुझी,
अंबूमावशी


राजारामपुरी, कोल्हापूर
११ ऑगस्ट

मावशी,

पायांवर डोकं ठेवलंय, उठव आता.

डबा पोचला आणि संपलासुद्धा. घासून लख्ख करून पाठवतेय. भांडं रिकामं परत द्यायचं नाही हे तू शिकवलेलं विसरले नाही, मूठभर साखर घातलीय बघ. चटणी इतकी फक्कड झाली होती की सम्राट म्हणाला, मावशींना सांग, क्लासच्या खाली दुकान टाकून देतो. दोन दिवसांत आम्ही फडशा पाडला.

माझं सगळं ठीक आहे. डॉक्टरबाई वजनाचं काहीतरी म्हणतात, पण ते त्या सगळ्यांनाच म्हणत असतील. सकाळच्या उलट्या अजून थांबल्या नाहीत. सम्राट बारावीच्या पोरांमध्ये बुडालेला, तरी रोज फोन करून विचारतो, जेवलीस का. जेवते की. आईच्या ताटलीत जेवते. लग्नात तुझ्याकडून तेवढीच मागून आणली होती, आठवतं? तिच्यात मावेल तेवढंच घेते. आई समोर बसून बघत असल्यासारखं वाटतं.

एक विचारू? मला डिसेंबरचा शेवट दिलाय. डिसेंबरात कृष्णेला पूर येत नाही, मावशी. शाळेत शिकलेय मी. पहिल्या बाळंतपणाला सगळ्या पोरी माहेरी जातात. माझं माहेर म्हणजे तू. मला का बोलवत नाहीस?

अनुजा


शिरोळ
१८ ऑगस्ट

अनू बाळा,

तुझं पत्र तीनदा वाचलं. मग डबा हुंगला. त्याला चटणीचा वाससुद्धा नाही.

आता ऐक. शेजारची चन्नम्मा परवा दिवशी जेवायच्या वेळेला आली. तुला पाठवलेल्या चटणीतली वाटीभर मी माझ्यासाठी ठेवली होती, ती तिनं भाकरीला लावली आणि एका घासात उठून परसात थुंकून आली. म्हणाली, "अंबव्वा, मीठ दोनदा घातलंस की गं. जनावराला घातलीस तर लाथ मारंल तुला." मी चाखली. जिभेला चटका बसला. वय झालं, लक्ष राहत नाही.

तर ही चटणी तुम्ही दोघांनी दोन दिवसांत फडशा पाडून खाल्ली.

मी रागावले नाही. डबा कुणाला देतेस ते सांग, त्यांच्यासाठी वेगळं करून पाठवीन. पण माझ्याशी खोटं बोलायची पाळी तुझ्यावर का आली, एवढं लिही. मळमळतं का? घरात कुणी टोचून बोलतं का? जीव घाबरतो का?

आणखी एक. ती ताटली उदयसिंहकडं देऊन टाक. का म्हणून विचारू नकोस. नवं ताट पाठवते, चांगलं काठाचं, दोन भाकरी पसरून मावतील असं.

बोलवण्याचं म्हणशील तर घर आता राहण्यासारखं नाही. दुपारी दोनच्या पुढं मी स्वयंपाकघरात जात नाही. ज्वारीच्या पिंपात कुणीतरी हात घातल्यासारखा आवाज होतो, दाणे पडल्यासारखा. मांजर असेल. झाकण लावलेलं असतं, तरी मांजरच असेल.

अंबूमावशी


राजारामपुरी
१ सप्टेंबर

मावशी,

डबा खालच्या वॉचमनच्या बायकोला देते. चटणी खारट असल्याचं ती कधी बोलली नाही. बिचारी लाजली असेल.

ताटली देणार नाही. आईचं माझ्याकडं तेवढंच आहे.

मांजराचं लिहिलंस. आपल्याकडं मांजर नव्हतं कधी. मला का बोलवत नाहीस ते मला ठाऊक आहे, तू उगाच नदी आणि मांजर मध्ये आणतेस. मी आठ वर्षांची होते. धोंडुआजी सोप्यात बसून कुणा पावण्या बाईला सांगत होती, "शालन खात सुटली हुती. किती सांगितलं, ऐकली न्हाय. पोर पोटात मोठी झाली, अडली, आन् आईला घिऊन गेली." आत चुलीपुढं तू भाकरी थापत होतीस. तुला तेव्हा चांगलं ऐकू यायचं. तुझा हात क्षणभर थांबला आणि पुन्हा थापायला लागला. तू काही बोलली नाहीस. म्हणजे ते खरंच असणार, असं मी तेव्हा धरलं.

जिनं तुझी बहीण नेली तिला त्याच खोलीत बाजेवर कशी झोपवशील? मला समजतं. मी रागावले नाही.

पण तू विचारलंस म्हणून सांगते. सोळाव्या वर्षापासून असं आहे की पोट भरलं की मला भीती वाटते. कुणीतरी मरेल अशी. मग मी खाल्लेलं पोटात राहू देत नाही. लग्नाआधी कमी झालं होतं. दिवस गेल्यावर पुन्हा सुरू झालं. सम्राटला वाटतं गरोदरपणाच्या उलट्या आहेत. डॉक्टरबाईंनाही मी तेच सांगितलंय. बाळ लहान राहिलं तर अडणार नाही, मी जगेन, त्याला आई राहील. एवढाच माझा हिशोब आहे.

हे वाचून जाळून टाक. डबा पाठवू नकोस.

अनुजा


शिरोळ
१५ सप्टेंबर, अविधवा नवमी

अनू,

आज कुंकू असताना गेलेल्या बाईचं पान वाढतात. शालनचं वाढलं आणि लिहायला बसले.

मागल्या सोमवारी उदयसिंह डबा तसाच घेऊन परत आला. म्हणाला, "आत्ती, घराला कुलूप हाय. खालची बाई म्हणाली, अनूताई जिन्यात चक्कर येऊन पडल्या, सम्राटरावांनी दवाखान्यात ठेवलंय. बाळ हाय, जिवाला धोका न्हाय, पर अशक्तपणा लई हाय म्हणत्यात." डब्यातली माझी चिठ्ठीही परत आली. ती मी चुलीत घातली. बरं झालं तुझ्या हातात पडली नाही. त्यात नाचणीची आंबील कशी करायची एवढंच लिहिलं होतं. तू जीव उघडा करून लिहिलंस आणि मी तुला आंबील लिहिली.

हे पत्र उदयसिंह दवाखान्यात आणून देईल. पडल्या पडल्या वाच, पण शेवटपर्यंत वाच.

तुझ्या आईनं फार खाल्लं नव्हतं. आम्ही तिला खाऊ दिलं नाही.

सातव्यात ती इथं आली. तुझ्या धोंडुआजीची पक्की समजूत होती की पोटात अन्न भरलं की बाळाला जागा उरत नाही, आणि मोठं झालेलं बाळ अडतं. तिची स्वतःची दोन बाळं अडून गेली होती, मी दाराबाहेर बसून ते ऐकलेलं आहे. भीती खोटी नव्हती. उपाय खोटा होता. तिनं फळीवरची ती जर्मनच्या पत्र्याची ताटली काढली, रांगत्या पोराला देतात तेवढी. म्हणाली, "ह्यात मावंल तेवढंच वाढायचं." वाढणारी मी. अख्खी भाकरी त्या ताटलीत बसत नाही, म्हणून अर्धी मोडून द्यायचे. वर आमटी, तीही काठ बघून. दवाखान्यातनं मिळालेल्या रक्ताच्या गोळ्या कोनाड्यात पडून राहिल्या. त्यानं बाळ थोराड होतं म्हणे.

शालन मागायची नाही. अर्धी भाकरी संपली की बोटानं ताटली पुसत बसायची, गोल गोल. ताटलीच्या मधोमध गुळगुळीत झालेली जागा आहे ना, तू लहानपणी विचारायचीस, हे काय गं मावशी, आणि मी सांगायचे, जुनी आहे म्हणून. ती जुनी म्हणून तशी झाली नाही.

एका दुपारी दोनच्या सुमाराला मी स्वयंपाकघरात गेले तर ती पिंपाशी उभी. ज्वारीचे कच्चे दाणे मुठीत धरून चावत होती. माझ्याकडं बघून हसली, पोरं चोरी सापडल्यावर हसतात तशी. म्हणाली, "आक्का, आईला सांगू नगंस." मी आईला सांगितलं नाही. पण तिची बोटं एकेक उघडून दाणे परत पिंपात टाकले. तिच्या भल्याचंच करतेय असं वाटत होतं मला. तिनं हात सोडूनच दिला होता, जोर लावला नाही. जोर नव्हताच म्हण.

तो आवाज मला येतो. कुकरची शिट्टी ऐकू येत नाही, दारावरची कडी ऐकू येत नाही, फोनवर तू ऐकू येत नाहीस. हा येतो.

तू दिवस भरायच्या आधी झालीस. अडली नाहीस. ओंजळभर होतीस, कापसात गुंडाळून ठेवली होती तुला. धोंडुआजी म्हणाली, बघा, कसं सोपं झालं. पंधरा दिवस शालन उठतबसत होती, भिंतीसारखी पांढरी. मग एका सकाळी रक्त जायला लागलं आणि थांबेना. डॉक्टर म्हणाले, बाईच्या अंगात मुळात रक्तच नव्हतं, दुसरी एखादी तगली असती. संध्याकाळी संपलं.

आईला ते सोसलं नाही. भेटायला येणाऱ्यांना ती सांगू लागली की पोरीनं ऐकलं नाही, खात सुटली. सांगता सांगता तिला ते खरं वाटायला लागलं. मी गप्प राहिले. म्हातारीचा जीव जाईल म्हणून गप्प बसले, असं मी स्वतःला सांगत आले. ती जाऊन बारा वर्षं झाली. मग कुणासाठी गप्प होते? माझ्यासाठीच.

तू तीन वर्षांची झालीस तेव्हा तुला अंगणवाडीत सोडायला गेले. भिंतीवर गरोदर बाईचं चित्र लावलं होतं, पोटाच्या आतलं दाखवलेलं. मला वाचता येत नव्हतं, चित्र दिसत होतं. अन्न जातं ती पिशवी वेगळी आणि बाळ असतं ती वेगळी. मी बाईंना विचारलं, हे असंच असतं का सगळ्यांचं? त्या म्हणाल्या, हो, सगळ्यांचं. मी तिथंच पोरांच्या चटईवर बसले. जागेचं भांडण कधी नव्हतंच, अनू. शालननं दोन भाकरी खाल्ल्या असत्या तरी तुझी जागा तुलाच राहिली असती. वाचायला मी त्या दिवसापासून शिकले.

तू आईला नेली नाहीस. त्या घरात उपाशी दोघी होत्या, त्यातली दुसरी तू.

तुला बोलवलं नाही ते तुझ्यामुळं नाही. ह्या स्वयंपाकघरात गरोदर बाईला वाढायला माझा हात उचलत नाही. तुझ्या पुढ्यात भाकरी ठेवताना ती आपोआप मोडली जाईल अशी भीती वाटते.

आता मला शिव्या दे, बोलू नकोस, काय करायचं ते कर. पण आजच्या आज सम्राटरावांना सांग आणि डॉक्टरबाईंना सांग, उलट्या कसल्या आहेत तेही. मी गप्प बसले त्याचं काय झालं ते तू वाचलंस. तू बसू नकोस.

अंबू


राजारामपुरी
६ ऑक्टोबर

मावशी,

दोन सोमवार उदयसिंहकाका दारात येऊन मोकळ्या हातानं परत गेले. तू त्यांना काय विचारत असशील ते मला दिसत होतं. तरी लिहिता येत नव्हतं.

पहिले आठ दिवस तुझा राग आला. आजीचा आला नाही, तुझाच. आजी भीतीनं बोलत होती, पण तू माझ्याबरोबर पाटीवर अक्षरं गिरवत होतीस आणि तेवढं एक वाक्य सांगितलं नाहीस. पत्र मी सम्राटला वाचायला दिलं. त्यानं वाचलं, मग बराच वेळ नळाखाली तोंड धूत उभा राहिला. बाहेर येऊन म्हणाला, "मी पोरांना रोज दोन तास विचारतो, कळलं का, कळलं का. घरात कधी नीट विचारलं नाही." डॉक्टरबाईंच्या समोर तोच बोलायला लागला, मग मी त्याला थांबवलं आणि स्वतः सांगितलं.

त्यांना नवल वाटलं नाही. ह्याला नाव आहे, हा आजार आहे, आणि गरोदर बायकांनाही होतो म्हणाल्या. आता एका आहारतज्ज्ञ बाईंकडं जाते आणि दर गुरुवारी एका समुपदेशक ताईंकडं. त्या खाण्याबद्दल फार बोलतच नाहीत. भीतीबद्दल विचारतात. थोडं थोडं, दिवसातून सहा वेळा खायचं. खाल्ल्यावर तासभर एकटी राहायचं नाही, सम्राट क्लासमध्ये असला तर वॉचमनची बायको वर येऊन बसते. तिला विचारलं चटणीचं. म्हणाली, "ताई, आमी ती पाण्यात कालवून आमटी केली. झकास झालती." दोन वेळा मी पुन्हा चुकले. लपवलं नाही. बाळ तारखेच्या मानानं लहान आहे, पण वाढतंय. परवा त्याचे ठोके मोठ्यानं ऐकवले. तुला ऐकू आले असते, इतके मोठे.

एका गुरुवारी ताईंनी विचारलं, लहानपणी घरी दुपारी जेवायला कोण कोण बसायचं? मी म्हटलं, आजी आणि मी. त्या म्हणाल्या, आणि मावशी? मी सांगितलं, मावशीचा उपास असायचा. त्यांनी विचारलं, कुठला वार? मी वार मोजायला लागले. मावशी, तुझा उपास रोज असायचा. बारा महिने, दुपारचा. तू आम्हाला वाढायचीस आणि पाठ करून चुलीकडं बसायचीस. तू मला एका शब्दानं कधी कमी खा म्हणाली नाहीस. पण मी तुझ्या पाठीकडं बघत मोठी झाले.

ताटली पाठवतेय. भांडं रिकामं द्यायचं नाही, म्हणून तिच्यात अर्धी भाकरी आहे. आज मी दोन थापल्या, वाकड्यातिकड्या झाल्या. दीड खाल्ली. ती पोटात आहे, आणि सम्राट शेजारी बसून पेपर तपासतोय. ही राहिलेली अर्धी आईची. तिच्या नावानं तू खायची आहेस. दुपारी, स्वयंपाकघरात, पिंपाकडं तोंड करून.

अनू


शिरोळ
१३ ऑक्टोबर

अनू बाळा,

ताटली पोचली. फडक्याची गाठ हळूहळू, जपून सोडवली. उदयसिंह म्हणाला, "आत्ती, फुटायची वस्तू हाय का?" मी म्हटलं, न्हाय रे, जर्मनची हाय.

त्या दिवशी खाल्ली नाही. खोटं लिहिणार नाही आता. दुपारी दोन वाजता आत गेले, ताटली पिंपावर ठेवली आणि खाली बसले. म्हटलं, शालन, तुझं तू घे. आवाजाची वाट बघितली. आवाज आला नाही. मला बरं वाटायला पाहिजे होतं. पण सत्तावीस वर्षं रोज येणारं माणूस त्या दिवशी आलं नाही, म्हणून मी पाच वाजेपर्यंत बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा गेले. भाकरी वाळून कडक झाली होती, कुणी शिवलं नव्हतं. मग दुधात कुस्करली आणि खाल्ली. पहिला घास खाली जाईना. चन्नम्मा परसातनं बघत होती, मी बोलवलं नव्हतं. आत आली, माझ्या पुढ्यात बसली आणि स्वतःच्या भाकरीचं फडकं सोडून जेवायला लागली. मग गेला खाली. आता रोज दुपारी येते ती. म्हणते, तुझ्या हातचं कालवण नको, मीठ बघून मीच आणते.

आवाज परवा पुन्हा आला. एकदाच. मी जेवत होते, तशीच जेवत राहिले.

ताटली चुलीपुढच्या कोनाड्यात उपडी घातलीय. तिच्यात आता कुणाला वाढायचं नाही.

बाळंतपण कोल्हापुरातच कर, तुझ्या डॉक्टरबाई जिथं म्हणतील तिथं. नदीमुळं नाही, त्यांना तुझं सगळं ठाऊक आहे म्हणून. नोव्हेंबर लागला की मी उदयसिंहच्या गाडीत बसून येते. पुढं दोन महिने दुपारचं आपण दोघी एकमेकींच्या समोर बसून जेवायचं. पाठ करून नाही.

तोवर सोमवारचा डबा येत राहील. ह्या खेपेला हुग्गी आहे, खपली गव्हाची खीर, खसखस घालून. गुळाऐवजी मीठ पडलेलं नाही, चन्नम्माकडून चाखून घेतलंय. जेवढी जाईल तेवढी खा, राहिली तर राहू दे, तसं लिही.

आणि डबा परत देताना घासू नकोस. साखरही घालू नकोस. कडेला लागलेलं तसंच असू दे, मला बघायचंय. मी इथं घासून घेईन.

तुझी,
अंबूमावशी